शापोऱ्याच्या दक्षिणेचे सूर

वेंगुर्ल्याकडून निघून तेरेखोल नदी ओलांडली की नकाशावर गोवा सुरू होतो. दारू स्वस्त होते, गाड्यांच्या नंबरपाट्या बदलतात. पण पेडणे तालुक्यात हिंडणाऱ्याला सिंधुदुर्ग संपल्याचं एरवी कळणारही नाही. तेच माड, तीच सोलकढी, देवळाच्या जत्रेत तोच रात्रभर रंगणारा दशावतार. खरी हद्द पुढे आहे. शापोरा नदीवरचा पूल ओलांडून शिवोलीत, म्हणजे बार्देशात उतरलं की संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला एखाद्या कौलारू बारमधून कुणीतरी गिटार जुळवत असल्याचा आवाज येतो.

नदीच्या दोन काठांमध्ये एवढा फरक का, याचं उत्तर समुद्रात नाही आणि फेणीतही नाही. समुद्र मालवणलाही आहे. दारूचं म्हणाल तर ती किनाऱ्यावर कुठेच कमी नाही. आपल्याकडेही ‘ऑर्केस्ट्रा बार’ आहेत, पण ते शब्द उच्चारले की मराठी माणूस आधी इकडे-तिकडे बघतो. तिथे गायकाचा माइक हे पोलिसी परवान्याला दाखवायचं निमित्त असतं. गोव्यातल्या छोट्या बारमधलं गाणं घरातल्या सगळ्यांनी बसून ऐकावं असं असतं. आजी, नातू, शेजारचा पाद्री, कुणालाच तिथे संकोच वाटत नाही. ही परंपरा बारमध्ये जन्मलीच नाही. ती आली चर्चच्या शाळेतून.

बार्देश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती 1543 मध्ये गेले. तिसवाडी त्याआधीच गेली होती. याला ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं ते 1788 मध्ये, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी, आणि तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. जुन्या काबिजादींतल्या गावोगावच्या चर्चना जोडून शाळा होत्या आणि त्यांत प्रार्थनेबरोबर संगीत शिकवलं जाई. चर्चमध्ये रविवारी गायला वाजवायला माणसं लागत, हा त्यामागचा साधा व्यवहार. शिकवणाऱ्याला ‘मेस्त्रे’ म्हणत. तो आधी स्वरलिपी वाचायला लावायचा, मग हातात व्हायोलिन द्यायचा, आणि पोराचा कल बघून पुढे ट्रम्पेट, क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन. माडाची ताडी काढणाऱ्या रेंदेराचा पोर असो की जमीनदार भाटकाराचा, कागदावरची टिंबं बघून सूर काढणं दोघांनाही येऊ लागलं. भारतात इतक्या साध्या घरांतल्या इतक्या मुलांना स्वरलिपी वाचता येते, असा दुसरा प्रदेश मला तरी ठाऊक नाही.

गंमत अशी की याच गोव्यात, नव्या काबिजादींत, दुसरी तितकीच मोठी शाळा चालू होती. ती देवळांची. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. ही सगळी गावं जुन्या काबिजादींच्या बाहेरची. देवळाच्या शाळेने गळा घडवला, चर्चच्या शाळेने वाद्यवृंद. या दोन शाळांची गाठ गोव्यात फारशी पडली नाही; ती पडली मुंबईत, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात. माईकसमोर लता मंगेशकर आणि मागे स्वरलिपीचे कागद उलटणारे साष्टी-बार्देशचे व्हायोलिनवादक.

मुंबईत ही माणसं आली ती पोटासाठी. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ बँड वाजू लागले आणि गोव्याच्या पोरांनी ते कान देऊन उचललं. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मग मुंबई राज्यात दारूबंदी आली. कायदा 1949 चा. क्लबांचा धंदा बसला, वादक रिकामे झाले आणि स्टुडिओंकडे वळले. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीने दारू किती कमी झाली हा वादाचा विषय आहे. हिंदी सिनेसंगीत मात्र तिने नक्की श्रीमंत केलं. 1951 च्या ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, आणि पडद्यावर भगवानदादा. पण त्यातला तो उडता, स्विंग ताल चिक चॉकलेटच्या घराण्यातला. चित्रपटात चिक आणि त्याचे साथीदार दिसतातसुद्धा.

साष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्याच फळीतले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये अँथनींनी मुंबईत भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा मोठा प्रयोग केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे 1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि अख्ख्या देशाला ते पाठ झालं. ते नाव खऱ्या माणसाचं आहे, हे मात्र फार थोड्यांना कळलं. 2012 मध्ये ते गेले. आणि आता? ‘सैराट’साठी अजय-अतुलना व्हायोलिनचा ताफा हवा होता तेव्हा ध्वनिमुद्रण हॉलिवूडला जाऊन करावं लागलं. एके काळी तेवढे वादक धोबीतलावच्या गोवेकरांच्या ‘कुडां’मधून, म्हणजे गावागावांच्या वसतिगृहांतून, गोळा करता आले असते.

बारमधल्या कोकणी गाण्याला खरं वळण दिलं ते मडगावजवळच्या बोर्डा भागातल्या ख्रिस पेरीने. तो ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत बँड चालवायचा आणि कोकणीत जॅझच्या अंगाने गाणी बांधायचा. ती गायली लॉर्ना कॉर्देइरो हिने. तिच्या आवाजातली ‘पिसो’, ‘बेबदो’ ही गाणी आजही किनाऱ्यावरच्या कुठल्याही बारमध्ये सुरू झाली की टेबलावरची बोटं आपोआप चालू लागतात. दोघांचं बिनसलं आणि लॉर्ना जवळपास अडीच दशकं गायली नाही. 1995 मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर ती पुन्हा उभी राहिली तेव्हा ऐकायला प्रचंड गर्दी लोटली होती. या दोघांच्या गोष्टीवरून सुचलेला ‘नाचुंया कुम्पासार’ हा कोकणी चित्रपट कुठे मिळाला तर पाहाच. गोव्याच्या वादकांची दशा त्याच्याइतक्या नीटपणे कुणी मांडलेली नाही.

आता बारमध्ये जाऊ.

छोटा बार म्हणजे दहा-बारा टेबलं. कोपऱ्यात येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा, काउंटरमागे फेणीच्या बाटल्या, मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर लिम्का किंवा लिंबू-मीठ घालून उर्राक. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली वाफ म्हणजे उर्राक, ती हलकी. पुन्हा गाळली की फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मुंबई-पुण्याचा पाहुणा अजूनही तिचा वास घेऊन नाक मुरडतो आणि बिअर मागवतो. खायला चोरीस-पाव, कटलेट-पाव, रव्यात तळलेला बांगडा, तिसऱ्या. बेतालभाटीचं मार्टिन्स कॉर्नर किंवा बागा इथलं कवाला यांच्यासारखी ठिकाणं आता मोठी आणि प्रसिद्ध झाली. पण बाणावली, कोलवा, शिवोली, आसगाव इथे पाटीवर हाताने लिहिलेलं ‘लाइव्ह म्युझिक, शुक्रवार’ एवढंच दिसलं तरी आत शिरायला हरकत नसते.

बँड म्हणजे बहुधा दोन किंवा तीन माणसं. एक कीबोर्ड, एक गिटार, एक गळा. पहिल्या तासात जिम रीव्हज, क्लिफ रिचर्ड, एंगलबर्ट, म्हणजे जेवणाऱ्यांना बोलता येईल असं. मग कोकणी, एखादं पोर्तुगीज. गावचा एखादा म्हातारा उठून बायकोबरोबर वॉल्ट्झची दोन वळणं घेतो आणि परत आपल्या सोऱ्याकडे, म्हणजे दारूकडे, येतो. शेवटी ‘मसाला’, म्हणजे एकामागोमाग एक जलद कोकणी गाणी, आणि सगळे उभे. पोर्तुगीज फादो ऐकायला मिळाला तर नशीब समजा. त्या गाण्यात आज गोव्यातलं मोठं नाव आहे सोनिया शिरसाट यांचं. आडनाव बघून कुणी गोंधळू नये. आणि हो, मध्येच कुठल्या तरी टेबलावरून ‘झिंगाट’ची फर्माईश येतेच. गिटारवाला हसून मान डोलावतो आणि सहसा वाजवत नाही. माझ्या मते तो बरोबर करतो.

किनाऱ्यावर वाजवणं हे दिसतं तितकं सुखाचं नाही. खाऱ्या हवेने पोलादी तारा काही दिवसांत गंजतात, केबलच्या पिना हिरव्या पडतात, दमटपणाने गिटारचं लाकूड फुगतं आणि सूर बिघडतो. उघड्या बारला मागची भिंत नसल्याने आवाज परत येत नाही. वादकाला आपणच काय वाजवतोय ते कमी ऐकू येतं, म्हणून तो आवाज वाढवतो. तो वाढवलेला आवाज शेजाऱ्याकडे जातो. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो, त्यामुळे दुपारी ज्या घरात काहीच ऐकू येत नव्हतं तिथे रात्री ढोलाचा प्रत्येक ठोका पोहोचतो. तक्रार करणारा शेजारी नेहमीच खडूस नसतो.

कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, रात्रीची 45. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. हणजुणे-वागातोरच्या कर्कश्श क्लबांची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे पुनःपुन्हा गेली आहेत, आणि तिथल्या रहिवाशांची बाजू मला पूर्ण पटते. दुखणं इतकंच, की नियम मोडणारा बडा क्लब वकील लावतो आणि पोलिसांची पहिली गाडी मात्र दोन छोट्या स्पीकरांवर मांडो, म्हणजे जुनी कोकणी गाणी, गाणाऱ्याच्या दारात थांबते. खरं तर दहाची मर्यादा छोट्या बारला सोयीचीच आहे. साडेसातला सुरू, दहाला बंद, अकराला वादक घरी.

खरा घाव दुसरीकडून बसतोय. पूर्वी पाच माणसांचा बँड होता, तिथे आता एक माणूस लॅपटॉप घेऊन येतो. ड्रम, बास, व्हायोलिन, सगळं आधीच भरलेलं. तो फक्त वरून गातो. मालकाला एकाचीच बिदागी पडते, ग्राहकाला फरक कळत नाही, आणि मडगावच्या कुठल्या तरी ड्रमवाल्याची संध्याकाळ रिकामी जाते. हंगाम जेमतेम ऑक्टोबर ते मे. किनाऱ्यावरचे तात्पुरते शॅक पावसाआधी मोडावेच लागतात. मग वादक लग्नं, चर्चची फेस्तं आणि तियात्र यांवर जगतो. तियात्र म्हणजे कोकणी ख्रिस्ती समाजाची रंगभूमी. पहिला प्रयोग झाला 17 एप्रिल 1892 रोजी, तोही मुंबईत. त्यात प्रवेशांच्या मध्ये ‘कांतारां’ गातात आणि ती साथीच्या बँडशिवाय होत नाहीत, म्हणून आजही ट्रम्पेट शिकलेल्या पोराला निदान तेवढं काम असतं. उरलेले जहाजांवर जातात.

गाण्यांच्या हक्काचे पैसेही बारच्या खर्चात असतात. रेकॉर्ड वाजवली तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी, वादक बसवले तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कासाठी परवाना घ्यावा लागतो. रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी रचना मोकळी होते, त्यामुळे जुने मांडो कुणीही गावेत. मांडोबरोबर वाजणाऱ्या घुमटाला गोवा सरकारने 2019 मध्ये वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं ताणत, वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचं. बारमध्ये घुमट क्वचितच दिसतो, पण दिसला तर गाणं थांबेपर्यंत उठू नका.

या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर शनिवार टाळा, मधल्या वारी जा. बारला आधी फोन करून विचारा, ‘लॅपटॉप आहे की बँड?’ हा प्रश्न चार ग्राहकांनी विचारला तरी मालक विचार करू लागतो. साडेसातला पोहोचा, स्पीकरपासून दूर आणि वादकांना दिसेल असं टेबल घ्या, गाणं संपलं की टाळ्या वाजवा. आणि बिलातल्या सेवाशुल्कातलं वादकाच्या वाट्याला बहुधा काही येत नाही, तेव्हा त्याच्या पायाशी डबा ठेवलेला असेल तर निघताना त्यात नोट टाका.