नकाशातील पेठ आणि नकाशाबाहेरची वस्ती

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवाडा, नीरेचा काठ आणि जुनी पेठ मात्र राहिली. अशा पेठेचे 'पुनरुज्जीवन' करायचे म्हटले की रस्तारुंदी, वाहनतळ आणि सुशोभीकरण हे शब्द लगेच पुढे येतात. पण पेठ म्हणजे केवळ दुकानांची रांग नव्हे. हिर्डोशी किंवा गुंजवणी खोऱ्यातून रानभाजी, करवंदे घेऊन येणारी बाई आणि चौकात चप्पल शिवणारा माणूस हेही पेठच असतात. म्हणून पहिला प्रश्न असा की, योजना कोणासाठी?

शहराची दीर्घ पल्ल्याची योजना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने होते. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. त्यावर पुढील सुमारे वीस वर्षांची प्रारूप विकास योजना बेततात. कोठे निवास, कोठे व्यापार, कोणत्या जागेवर शाळेचे वा बागेचे आरक्षण, हे त्यात ठरते. सारी मेख पहिल्या नकाशात आहे. तेथे वस्ती 'मोकळी जागा' म्हणून दाखवली गेली, की पुढे तिच्यावर बाग येते आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस एका दिवसात अतिक्रमणवाला ठरतो.

दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेता येते. पण हा हक्क जमिनीच्या मालकाचा. ज्याच्या हाती सातबाराच नाही, त्याने काय करावे?

त्याने वेळेवर बोलावे. प्रारूप योजनेची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकती व सूचना लेखी देता येतात. त्यासाठी मालक असण्याची अट नाही. पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. राजपत्र आमच्या वस्तीत कोण वाचतो? येथेच शिक्षक-विद्यार्थ्यांचे काम सुरू होते.

पेठेतल्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले हवेत, त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व द्यावयाचे आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. मात्र सर्वेक्षणाच्या दिवशी जी बाई डोंगरातून आली नाही, ती यादीत येत नाही. तिचे नाव घालून घेणे हे आपलेच काम.

दोन्ही कायद्यांची सुरुवात मोजणीने होते. गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी पूर्वी भिंत लागत असे. आता नकाशातली एक रेघ पुरते. तेव्हा योजना प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढावा. घरे, पाणवठा, विहार, अभ्यासिका, बाजारातली बसण्याची जागा, सारे त्यात नोंदवावे आणि हरकतीसोबत जोडावे. राजवाडा जपायला पुष्कळ लोक आहेत. वस्ती जपायला आपल्यालाच जावे लागेल.