मापाचे धान्य, वजनाचे धान्य

पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे ही आपल्या घरातली जुनी मापे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर मात्र दोन प्रकारचा होता. एक मापाचा आणि दुसरा वजनाचा, ऐंशी तोळ्यांचा. नाव एक, पण गोष्टी दोन. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात रुजू लागला. पण जुना घोटाळा नव्या नावाने राहिलाच. आज पुष्कळांना वाटते, एक लिटरचे भांडे भरले की एक किलो झाले!

हे खरे आहे, पण फक्त पाण्याच्या बाबतीत. धान्याच्या दाण्यादाण्यांत फट असते, फटीत हवा असते, आणि माप ती हवासुद्धा मोजते. म्हणून लिटरभर तांदूळ साधारण आठशे ते साडेआठशे ग्रॅम भरतो. आता दुकानातून येणारे ओट घ्या. हे जवाच्या नात्यातले धान्य. ते वाफवून, रुळाखाली दाबून चपटे करतात. चपट्या पाकळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडतात, मध्ये पोकळी राहते. त्यामुळे दोनशे मिलिलिटरच्या ज्या वाटीत एकशे साठ-पासष्ट ग्रॅम तांदूळ मावतो, तिच्यात ओट जेमतेम सत्तर ते ऐंशी ग्रॅम. वाटी तीच, वजन निम्म्याहून कमी. आपल्या पोह्यांचीही तीच गत.

आता म्हणाल, एवढी चिकित्सा कशाला? मालेगाव, मेडशी, शिरपूरकडच्या शिक्षकांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. हे वजन कच्च्या धान्याचे, शिजलेल्या भाताचे नव्हे. पहिली ते पाचवीची साठ मुले असली तर सहा किलो तांदूळ हवा. लिटर म्हणजे किलो असे धरून कोणी सहा मापे घातली आणि मापात ८४० ग्रॅमच मावत असला, तर पातेल्यात पडला ५,०४० ग्रॅम. ९६० ग्रॅम कमी! म्हणजे साडेनऊ मुलांचा वाटा गेला. कोणी चोरला नाही, पण मुलांच्या ताटात आला नाही. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. हे पाप न कळत होते एवढेच.

उपाय सोपा आहे. रोजचे एकच माप ठरवा. रिकामे असताना काट्यावर तोला. समजा, २५० ग्रॅम भरले. त्यात तांदूळ अलगद ओता, आपटू नका, दाबू नका. आपटले की दाणे खाली बसतात आणि जास्त मावतात. वर शीग राहू देऊ नका, सरळ पट्टीने सपाट करा. पुन्हा तोला. १,०९० ग्रॅम आले, तर त्यातून २५० वजा जाता ८४० ग्रॅम उरले. असे तीनदा करून सरासरी घ्या. मग ६,००० ला ८४० ने भागा. सात मापे भरून १२० ग्रॅम उरतात, म्हणजे आणखी मापाचा सातवा हिस्सा.

मात्र तांदळाचा आकडा डाळीला लावू नका, डाळीचा पिठाला लावू नका. पीठ तर चाळले की हलके, दाबले की जड. प्रत्येक जिन्नस वेगळा तोला. नवा तांदूळ आला, दाणा बदलला, की पुन्हा एकदा तोला.

शिक्षकमित्रांनो, हे काम पाचवी-सहावीच्या मुलांकडूनच करवून घ्या. वजाबाकी, भागाकार, सरासरी सारे त्यात आले. निघालेले आकडे कागदावर लिहून स्वयंपाकघरात, मापाजवळच्या भिंतीवर लावा. शिजवणाऱ्या ताईंना रोज विचारावे लागणार नाही, आणि मुलांना आपला वाटा किती हेही कळेल.