ड्रॅगनभाषा आणि तिच्या पुरवण्या

कृत्रिम भाषा सामान्यतः दोन हेतूंनी घडविल्या जातात. काहींचा हेतू लोकव्यवहार सुलभ करणे हा असतो. १८८७ साली प्रसिद्ध झालेली एस्पेरान्टो ही या वर्गातील होय. दुसऱ्या काही भाषा एखाद्या कल्पित सृष्टीला सत्याचा आभास प्राप्त व्हावा म्हणून रचलेल्या असतात. अद्भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील भाषा या दुसऱ्या वर्गात मोडतात. अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्कायरिम’ या गेममधील ड्रॅगनभाषा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण मूळ कृतीनंतर आलेल्या पुरवण्यांतून तिची वाढ कोणत्या दिशेने झाली, हे क्रमाने पाहता येते.

या भाषेची लिपी नख्यांनी दगडावर ओरखडल्यासारखी असून तिच्यात ३४ चिन्हे आहेत. त्यांपैकी २५ चिन्हे ‘सी’ वगळून उरलेल्या रोमन अक्षरांची आहेत, तर ९ चिन्हे रोमन अक्षरांच्या जोड्यांसाठी योजिली आहेत. ‘क्स’ या ध्वनिसमूहाला रोमनप्रमाणेच येथेही एकच चिन्ह आहे. अर्थात ही लिपी ध्वनींना नव्हे, तर इंग्रजी लेखनपद्धतीला अनुसरते. व्याकरणाचीही स्थिती बव्हंशी अशीच आहे. अनेकवचन करताना अन्त्य अक्षराचे द्वित्व होऊन ‘ए’ जोडला जातो (‘मुन’ म्हणजे मनुष्य, ‘मुन्ने’ म्हणजे मनुष्ये), एवढे तिचे स्वतंत्र वैशिष्ट्य होय. परंतु पदक्रम प्रायः इंग्रजीचा आहे आणि षष्ठीचा अर्थ दाखविणारे ‘दो’ हे अव्ययही इंग्रजीप्रमाणे नामापूर्वी येते.

भाषेचे खरे सामर्थ्य समासरचनेत दिसते. ‘दोवाकीन’ म्हणजे ‘ड्रॅगन-जात’. हा सरळ तत्पुरुष होय. गेममधील मंत्रघोष प्रत्येकी तीन शब्दांचे असतात व ड्रॅगनांची नावेही तशीच घडतात. २०१२ सालच्या ‘डॉनगार्ड’ या पुरवणीत ‘दुर-नेह-विर’ (शाप, कदापि नाही, मरण) हे नाव उच्चारताच त्या नावाचा ड्रॅगन प्रकट होतो. त्याच वर्षीच्या ‘ड्रॅगनबॉर्न’ या पुरवणीत ‘गोल-हाह-दोव’ (पृथ्वी, मन, ड्रॅगन) हा घोष येतो. त्यातील एकेका शब्दागणिक वक्त्याची सत्ता पाषाणावरून प्राणिमात्रांच्या मनावर व शेवटी ड्रॅगनांवर चालू लागते. मात्र या नव्या घोषांत विभक्ती नाही, क्रियारूप नाही. शब्द केवळ शेजारी ठेविले आहेत. कोश वाढला, वाक्यबंध वाढला नाही.

तथापि मूळ कृतीतील एक प्रसंग भाषाविचाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ‘जूर-झाह-फ्रुल’ (मर्त्य, सान्त, क्षणिक) हा घोष मानवांनी रचला असून ड्रॅगनांना तो शिकता येत नाही. अमरांच्या मनाला नाशवंततेची कल्पनाच आकळत नाही, असे त्याचे कारण दिले आहे. अर्थ हा वक्त्यांच्या जीवनानुभवावर अवलंबून असतो, असे प्रमेय येथे कथारूपाने मांडलेले दिसते. या भाषेत क्रियापदे सामान्यतः काळानुसार बदलत नाहीत, हेही वक्त्यांच्या अमरत्वाचेच द्योतक होय, असे अनुमान करण्याचा मोह होतो. पण ते टिकत नाही: चिनी भाषेतही क्रियापदाला काळवाचक प्रत्यय लागत नाहीत आणि ती बोलणारी माणसे मर्त्यच आहेत. कथेत सांगितलेले प्रमेय व्याकरणात उतरलेले नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

म्हणून शब्दसूची आणि भाषा यांत अभ्यासकाने भेद केला पाहिजे. निर्मात्यांच्या पुरवण्यांनी सूची लांबविली. पुढे खेळाडूंनी स्वतः कोश तयार केले व उणे शब्द घडविले. रचलेल्या भाषेचे भाषापण अजमावायचे असेल, तर ते निर्मात्याच्या योजनेपेक्षा या निनावी भर घालणाऱ्यांच्या व्यवहारात शोधणे अधिक फलदायी ठरेल.