बोथट पाते आणि कुरुंदाचा दगड

बंगळूरच्या बाजारातून ‘बाळेदिंडू’, म्हणजे केळीच्या खोडातील कोवळा गाभा, घरी आणला की स्वयंपाकघरातील पात्याची खरी परीक्षा होते. धार चांगली असेल तर त्याच्या पातळ चकत्या पडतात. पाते बोथट असेल तर नुसते धागे ओढले जातात आणि हात नकळत अधिक जोर लावू लागतो. धोका या जोरातच असतो. बोथट पाते भाजीत शिरण्याऐवजी तिच्यावरून घसरते आणि त्याच जोराने बोटावर येते. मुलांच्या व नवशिक्यांच्या हाती मुद्दाम बोथट चाकू देण्याची आपल्या घरांतील रीत म्हणूनच सोडून द्यावयास हवी.

धार लावणे म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू त्याहून कठीण पदार्थावर घासून त्यांचा संगम पुन्हा बारीक करणे. असा पदार्थ या मुलखास नवा नाही. जुन्या म्हैसूर संस्थानाच्या भूमीत कुरुंद सापडतो. काठिण्याच्या मोह-मापावर हिरा १० तर कुरुंद ९ आहे; माणिक आणि नीलम ही त्याचीच रत्नरूपे. फ्रान्सिस ब्यूकॅनन १८०० साली या प्रदेशातून फिरला, तेव्हा बंगळूरच्या पश्चिमेस मागडीच्या परिसरात पोलाद तयार होत असल्याचे त्याने नोंदविले आहे. पोलाद आणि त्यास पाजणारा दगड एकाच भूमीत! तमिळमधील ‘कुरुंदम्’ इंग्रजीत ‘कोरंडम’ झाला. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याने भट्टीत जो कठीण पदार्थ मिळविला, त्यास त्याने ‘कार्बोरंडम’ म्हटले. दुकानात आज मिळणाऱ्या करड्या दगडाच्या नावात असा निम्मा शब्द आपल्याकडचाच आहे.

एका बाजूस खरखरीत व दुसऱ्या बाजूस मऊ असा दगड घ्यावा. तो बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. सारे कौशल्य कोनात आहे. पाते तीन सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून एक सेंटिमीटर उचलावी. सुमारे वीस अंशांचा कोन होतो. मग दगडाचाच पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा बेताने, मुठीपासून टोकापर्यंत, पाते पुढे न्यावे. कोन मध्येच बदलला तर श्रम वाया जातात. वेग मात्र कितीही मंद चालेल. एक बाजू पुरेशी घासली की दुसऱ्या बाजूस धातूची सूक्ष्म खरखर लागते. ती पाहताना बोट धारेवरून लांबीने कधीही फिरवू नये, पाठीकडून धारेबाहेर आडवे न्यावे. नंतर दुसरी बाजू घासावी, आणि शेवटी मऊ दगडावर हलक्या हाताने दोन्ही. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की काम झाले.

दगड नसेल तर लोणच्याची चिनी मातीची रिकामी बरणी उपडी करावी. बुडाची झिलई नसलेली कडा तात्पुरती धार उत्तम लावते.

विळीचे, कन्नड घरांतील ‘ईळिगे मणे’चे, पाते जागचे हलत नाही, तेथे दगडच फिरवावा लागतो. दगड लहान घ्यावा आणि बोटे त्याच्या कडेपलीकडे येऊ देऊ नयेत. करवतीसारखे दाते असलेली पाव कापण्याची सुरी मात्र या दगडावर घासू नये.

सायकलवर साण फिरविणाऱ्या धारवाल्याचा उपयोग पाते कोठे तुटले असेल तर जरूर करावा. पण पाते साणेवर फार वेळ दाबले गेले तर तापून निळसर होते व पोलादाचे पाणी उतरते. त्यास मधून मधून पाण्यात बुडविण्यास सांगावे.

बंगळुरातील आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी विळी-सुऱ्यांस लाविलेले ओले कुंकू लोखंडावर तसेच राहिल्यास गंज धरतो. दुसऱ्या दिवशी पाती पुसून त्यांवर खोबरेलाचा हात फिरवावा.