रंजकीपासून प्रायमरपर्यंत : अचूक नेमामागची दारू

बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला 1567 मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला आणि 1631 मध्ये तो मोगलांनी जिंकला. त्या काळी दख्खनच्या गडांवर बंदुकीचा प्रत्येक बार हातानेच भरला जाई. नळीत दारू घालून गोळी गजाने ठासायची, नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या छिद्राशी, रंजक ठेवायची आणि जळती जामगी (वात) टेकवायची. रंजक बारीक कुटलेली असे, म्हणून ती चटकन पेटे. नळीतली दारू जाडसर दाण्यांची असे, कारण गोळीला रेटा देण्याचे काम तिचे. पेटवणारी दारू वेगळी, रेटणारी वेगळी, ही विभागणी आजच्या काडतुसातही कायम आहे.

दमट दारू मंद जळते आणि बार फसतो, हे मराठी राज्यकर्ते पुरते जाणून होते. दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे.

1807 मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि रंजकीची सद्दी संपू लागली. त्याच कल्पनेतून आजचा प्रायमर घडला. काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या या इवल्याशा धातूच्या वाटीवर घोड्याची सुई आदळली, की आतले मिश्रण चिरडून पेटते आणि ज्वाळा छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि काळ्या दारूचे युग मावळले.

अचूकतेसाठी काडतुसे स्वतः भरणारे नेमबाज जोरापेक्षा एकसारखेपणा शोधतात. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. लहान काडतुसाला झपाट्याने जळणारी, तर मोठ्या काडतुसाला आणि जड गोळीला सावकाश जळणारी दारू लागते. गोल दाण्यांची दारू मापात सहज बसते. कांडीच्या आकाराच्या काही दारू ऊन-थंडीत कमी बदलतात. मराठवाड्यासारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात हा गुण मोलाचा. गोल दाण्यांची दारू पेटायला जड असेल, तर जोरकस ज्वाळेचा मॅग्नम प्रायमर वापरतात. मात्र नुसता प्रायमर बदलला तरी काडतुसातला दाब बदलतो. म्हणून कोणताही घटक बदलला, की दारूनिर्मात्याच्या तक्त्यातल्या किमान मापापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

ही काटेकोर निवड कशासाठी? सेकंदाला सुमारे 800 मीटर वेगाच्या गोळीत 10 मीटरचा फरक पडला, तर 300 मीटरवर ती साधारण 2 सेंटीमीटर वर-खाली लागते. तिथे 10 गुणांचे वर्तुळ असते अवघे 10 सेंटीमीटरचे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारातल्या .22 काडतुसाचे पेटवणारे मिश्रण मात्र बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे हे काडतूस घरी भरता येत नाही. म्हणून या खेळातले अव्वल नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्याच रायफलीतून झाडून पाहतात आणि ज्या लॉटच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात, तो निवडतात.

भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. या शास्त्राची ओढ लागलेल्या तरुणांनी मान्यताप्राप्त रायफल क्लबची वाट धरावी आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच नेम धरावा.