कपलर हवा अँटेनाच्या पायथ्याशी

जहाजावरून २१८२ किलोहर्ट्झवर मदतीची हाक द्यायची, तर त्या लहरीची लांबी भरते सुमारे १३७ मीटर. पाव लहरीची अँटेना उभारायची म्हटलं, तर ३४ मीटर उंची हवी. डेकवर मात्र बहुधा आठेक मीटरची व्हिप, म्हणजे काठीसारखी उभी अँटेना, असते. ट्रान्समीटरला समोर ५० ओहमचा भार लागतो. एवढ्याशा व्हिपचा प्रारण-रोध असतो दीड ओहमच्या आसपास, आणि त्यात शेकडो ओहमच्या कपॅसिटिव्ह अडथळ्याची भर. दोघांना थेट जोडलं तर जवळजवळ सगळी शक्ती परत फिरते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी ट्रान्समीटर आपली शक्ती खाली आणतो.

ही सोयरीक जुळवतो तो ऑटोमॅटिक अँटेना कपलर. कॉइलचा गुण कपॅसिटरच्या उलट, म्हणून आधी कॉइल घालून तो अडथळा फेडायचा आणि उरलेला रोध कॉइल-कपॅसिटरच्या जोडीने ५० ओहमपर्यंत चढवायचा. कॉलिन्स कंपनीच्या जुन्या विमानी कपलरांत हे काम मोटरी करत. आताच्या पेटीत रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे स्विच, असतात. समजा आठ कॉइल आणि सात कपॅसिटर आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. मोजक्या वजनांत वाण्याला हवं ते तोलता यावं, तशी त्यांतून ३२,७६८ मूल्यं जुळतात. कपॅसिटर कॉइलच्या अलीकडे की पलीकडे, एवढं बदललं की ६५,५३६.

एवढी सगळी चाचपायला वेळ कुणाला आहे? जाणारी शक्ती, परतणारी शक्ती आणि व्होल्टेज-करंटमधला कलाचा फरक मोजून मायक्रोकंट्रोलर दिशा ठरवतो. कॉलिन्सचेच वॉरन ब्रूनी यांनी १९५९ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात उलगडून सांगितलेला मापक-पूल आजही कित्येक कपलरांत भेटतो. ट्यूनचं बटण दाबलं की थोड्या शक्तीवर रिलेंची कडकड दोन-तीन सेकंद ऐकू येते आणि थांबते. शक्ती थोडी ठेवायची, कारण पूर्ण शक्तीवर रिले फिरवले तर त्यांचे संपर्क जळतात. जुळलेली मांडणी त्या फ्रिक्वेन्सीच्या नावाने स्मृतीत राहते. पुढच्या वेळी कडकड क्षणभरच.

पेटीच्या माथ्यावर जाडजूड इन्सुलेटर असतो, तो शोभेला नाही. अशा आखूड व्हिपच्या पायथ्याशी शंभर वॉटवरही हजारो व्होल्ट उभे राहतात. प्रक्षेपण चालू असताना तिथे हात लावायचा नाही.

रेडिओरूममध्येच कपलर ठेवला तर ट्रान्समीटर खूश होतो, पण विजोडपणा पुढच्या केबलमध्ये तसाच राहतो आणि शक्ती तिथे तापून जाते. म्हणून कपलर अँटेनाच्या बुंध्याशी.

मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे विजोडपणाचं माप, एकास एक दिसला, म्हणजे सगळी शक्ती हवेत गेली असंही नाही. दीड ओहमच्या शेजारी कॉइल आणि अर्थिंगचे चार-पाच ओहम असतील, तर बहुतेक शक्ती त्यांनाच तापवते. महागडा कपलर घेण्याआधी अर्थिंगची रुंद तांब्याची पट्टी तपासा आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा.