कोलकात्याला जायचं, पण कधी?

कोलकाता ऐन रंगात पाहायचं तर दुर्गापूजा गाठावी. २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेलेल्या या उत्सवात अख्खं शहर रात्रभर पंडाल पाहत फिरतं. खोल्या मात्र खूप आधी आरक्षित कराव्या लागतात.

एवढी गर्दी झेपणार नसेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. हवा कोरडी, गार. खजुरीचा रस आटवून केलेला नोलेन गूळ याच दिवसांत ताजा मिळतो. तो घातलेला संदेश हा गोड पदार्थ फिकट तपकिरी दिसतो आणि त्याला हलका धुरकट वास येतो. नाताळात पार्क स्ट्रीट दिव्यांनी उजळतो, न्यू मार्केटमधल्या नाहूम बेकरीपुढे प्लम केकसाठी रांग लागते. पाठोपाठ १९७६ पासून भरणारा पुस्तकमेळा येतो.

एप्रिल-मे टाळावेत, दमट उकाड्यात दुपारी पायी फिरणं अशक्य होतं.